इग्निशन बॉक्स मोकळा, वायरी बांधलेल्या

पेट्रोलवर चालणाऱ्या मॉडेल विमानाचं इंजिन हवेत खटकन बंद पडलं आणि खाली आणल्यावर प्रॉपला (पुढच्या पंख्याला) हाताने दोन-तीन झटके देताच पुन्हा सुरू झालं, की हात आधी कार्ब्युरेटरच्या, पेट्रोल कमीजास्त करणाऱ्या नीडलकडे जातो. तिथे बऱ्याचदा काही सापडत नाही. लीन झालेलं, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं इंजिन आधी दम सोडतं, आवाज बदलतो, मग थांबतं. इग्निशन गेलं की इंजिन मधल्यामध्ये बंद होतं. फार तर मफलरमधून एक फटाका ऐकू येतो. असं बंद पडणं जमिनीवर पुन्हा घडून दिसत नसेल तर संशय व्हायब्रेशनवर घ्यावा. त्यासाठी इग्निशनचा बॉक्स, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं मॉड्यूल, फोडायची गरज नाही. बॉक्समधून वायरी जिथे बाहेर येतात ती जागा आधी पाहावी.

डीएलई-२० पासून डीएलई-५५ पर्यंतच्या सिंगल सिलिंडर इंजिनांबरोबर येणारं मॉड्यूल सीडीआय पद्धतीचं, म्हणजे कपॅसिटर रिकामा करून ठिणगी पाडणारं असतं. आतला इन्व्हर्टर बॅटरीचे पाच-सहा व्होल्ट चढवून शेकडो व्होल्ट करतो आणि कपॅसिटर भरतो. प्रॉप हबवरचं चुंबक हॉल सेन्सरसमोरून (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरसमोरून) गेलं की तो कपॅसिटर कॉइलमध्ये रिकामा होतो आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. हे सगळं रेझिनमध्ये ओतून घट्ट केलेलं असल्यामुळे आतलं बोर्ड सहसा हलत नाही. पण रेझिन दगडासारखं कडक आणि त्यातून निघणारी वायर मऊ, म्हणून वायरीचं सगळं वाकणं त्या एकाच रेषेवर होतं. ७,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) सेकंदाला सुमारे ११७ धक्के बसतात; दहा मिनिटांच्या उड्डाणात ७० हजार. तांब्याचे बारीक तंतू तिथे एकेक करून तुटत जातात. वरचं इन्सुलेशन मात्र शाबूत असतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

म्हणून बॉक्स कशावर बसवला याइतकंच वायरी कुठे आणि कशा बांधल्या याला महत्त्व आहे. लोक नेमकं उलट करतात: बॉक्स केबल टायने आवळून टाकतात आणि वायरी लोंबत ठेवतात.

फोम किती जाड, यापेक्षा किती दबतो

"अर्धा इंच फोममध्ये गुंडाळा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सिंगल सिलिंडरचं मॉड्यूल साधारण १०० ते १५० ग्रॅमचं. एवढ्या हलक्या वस्तूखाली पूर्ण तळाएवढा फोम घातला तर तो दबतच नाही, आणि न दबणारा फोम जवळजवळ लाकडासारखाच वागतो.

हिशेब सोपा आहे. बॉक्सच्या स्वतःच्या वजनाने फोम किती मिलिमीटर दबतो ते बघा. त्या आकड्याचं वर्गमूळ काढून १५.८ ला त्याने भागा. बॉक्स आणि फोम मिळून सेकंदाला किती वेळा झुलू पाहतात ते येतं. १ मिमी दबला तर सुमारे १६, अर्धा मिमी दबला तर २२, आणि ०.१ मिमी दबला तर ५०. इंजिनाचे धक्के या आकड्याच्या दीडपटीपेक्षा वर गेले की फोम काम करू लागतो. दुप्पट-तिप्पट वर गेले की चांगलं काम करतो. १,८०० आरपीएमचं आयडल (थ्रॉटल बंद असतानाचं मंद फिरणं) म्हणजे सेकंदाला ३० धक्के. १६ वाल्या बैठकीवर आयडललाच बराच फरक पडतो आणि ७,००० ला बॉक्सपर्यंत दोन-तीन टक्केच पोचतात. ५० वाली बैठक ३,००० आरपीएमला बरोबर रेझोनन्समध्ये येते, म्हणजे धक्का कमी होण्याऐवजी वाढतो. टॅक्सी करताना आणि लँडिंगच्या फेरीत इंजिन नेमकं त्याच आसपास फिरत असतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: फोम स्थिर वजनाखाली जितका मऊ वाटतो त्यापेक्षा भराभर बसणाऱ्या धक्क्यांना कडक वागतो. त्यामुळे वरचे आकडे थोडे आशावादी आहेत. अर्धा ते एक मिमी दबणं हे लक्ष्य ठेवलं तर चूक सुरक्षित बाजूला राहते.

गोव्यात फोम निवडताना हवा आणि पेट्रोल दोन्ही बघावी लागतात. सोफ्याचा स्पंज मऊ असतो, पण पाणी पितो, आणि आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत चिकट होऊन त्याचा भुगा पडू लागतो. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतं. पॅकिंगचा पांढरा फोम कायमचा चेपतो. सगळ्यात बरा पडतो तो स्प्लिट एसीच्या तांब्याच्या पायपावर चढवतात तो काळा नायट्राइल फोम. बंद पेशींचा असल्यामुळे पाणी धरत नाही, पेट्रोल-तेलाचे शिंतोडे सोसतो, आणि म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही एसी मेकॅनिककडे त्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात. १३ मिमी जाडीचा घ्या. पाइपचा घेतला तर उभा चिरून सपाट करा. गोलाई राहिलेला तुकडा कडांवरच टेकतो.

त्यातून १२ मिमी चौरसाचे चार तुकडे कापा. उंची रुंदीपेक्षा फार वाढू देऊ नका, नाहीतर तुकडा दबायच्याऐवजी कलंडतो. नवं पातं लावून एका दमात कापा, करवतीसारखं घासू नका. चारही तुकडे बॉक्सच्या कोपऱ्यांखाली, कडेपासून ५ मिमी आत, कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हने लावा. दोन्ही बाजूंना पातळ थर, दहा मिनिटं वाळू द्यायचा, मग दाबायचं.

अर्धा मिमी डोळ्याला दिसत नाही, म्हणून युक्ती: बॉक्स धरून एकूण वजन त्याच्या पाचपट होईल एवढा भार वर ठेवून व्हर्नियरने मोजा आणि पाचाने भागा. बॉक्स १२० ग्रॅमचा असेल तर एकूण ६०० ग्रॅमला अडीच मिमी दबायला हवं. तेवढं दबत नसेल तर तुकडे १० मिमीचे करा. पाच मिमीच्या वर जात असेल तर फोम फारच मऊ आहे; असा बॉक्स उतरताना उसळून कशावर तरी आदळणार.

धरून ठेवणं म्हणजे आवळणं नव्हे

वरून १५ ते २० मिमी रुंद वेल्क्रोचा एकच पट्टा पुरतो. पट्टा आणि बॉक्स यांच्यामध्येही त्याच फोमची एक चिंचोळी पट्टी ठेवा. पट्टा एवढाच ओढायचा की विमान उलटं केल्यावर बॉक्स तुकड्यांवरून उचलला जाणार नाही. बोटाने ढकलला तर बॉक्स कुठल्याही दिशेला दोन-तीन मिमी सरकला पाहिजे आणि सोडल्यावर स्वतःहून जागेवर आला पाहिजे. सरकत नसेल तर पट्ट्याने फोमचा जीव घेतला आहे. केबल टायला माझा विरोध याच कारणाने: तो एक दात जास्त ओढला जातो आणि मागे घेता येत नाही.

चारही बाजूंना कडक वस्तूपासून ५ मिमी जागा सोडा आणि त्यापलीकडे फोम लावलेले लाकडी अडथळे द्या. गोव्यात हे विशेष गरजेचं. आपल्याकडे उडवायला सपाट जागा म्हणजे एक तर कापणीनंतरचं शेत, नाहीतर जांभ्या दगडाचा सडा. सड्यावरचं लँडिंग चाकांना आणि आतल्या प्रत्येक वस्तूला एकच मोठा दणका देतं. इंजिनाच्या व्हायब्रेशनसाठी मऊ ठेवलेला बॉक्स त्या दणक्याला उडतो, तेव्हा त्याला अडवणारं काहीतरी हवं.

काही मॉड्यूलना स्क्रूसाठी कान असतात. तिथे सरळ स्क्रू मारणं हा सगळ्यात वाईट पर्याय. मारायचाच असेल तर सर्व्होबरोबर येणारे रबरी ग्रोमेट आणि पितळी नळी वापरा. नळीची रुंद कडा लाकडाच्या बाजूला ठेवा, स्क्रू नळीवर टेकेपर्यंतच फिरवा. नळी नसेल तर रबर चेपून जातं आणि ग्रोमेट फक्त नावाला उरतो. तरीही एवढ्या हलक्या बॉक्सला ग्रोमेट कडकच पडतात. फोमची सर त्यांना नाही. एक मिलिमीटरची दुहेरी फोम टेप तर विसरा. ती दबत नाही आणि टू-स्ट्रोक तेलाचा हात लागला की सुटते.

जागेचं थोडक्यात. फायरवॉलच्या (इंजिन ज्या फळीवर बसतं तिच्या) पुढे, इंजिनाच्या स्टँड-ऑफशेजारी (आधाराच्या खुंटांशेजारी) नको; विमानातलं सगळ्यात जास्त थरथरणारं फळकूट तेच, आणि काउलमधून (इंजिनावरच्या झाकणातून) बाहेर पडणारी गरम हवाही तिथेच. फायरवॉलमागच्या लाकडी इंजिन बॉक्सच्या वर किंवा आत ३ मिमी लाइट प्लायचा ट्रे दोन्ही बाजूच्या भिंतींना इपॉक्सीने जोडा, खालून त्रिकोणी बाल्साची पट्टी द्या. ट्रेचा किंवा बाजूच्या पातळ तक्त्याचा मध्य टाळा, तो ढोलकीच्या पुडीसारखा वाजत असतो. फॉर्मरजवळचा (सांगाड्यातल्या आडव्या फळीजवळचा) कोपरा शांत असतो. रिसीव्हर आणि त्याच्या वायरी यांपासून ३० सेमी अंतर ठेवा. २.४ गीगाहर्ट्‌झ आल्यापासून इग्निशनचा विजेचा खरखराट रेडिओत शिरण्याचं प्रमाण कमी झालंय, पण अंतर फुकट मिळतं, ते घ्यावं.

वायरी

प्लगकडे जाणारी हाय टेन्शन लीड धातूच्या जाळीने मढवलेली असते आणि चांगलीच ताठ असते. तिचं एक टोक इंजिनावर, म्हणजे मूळ थरथरीवर. ती सरळ ताणून नेली तर फोमची सगळी मेहनत वाया. थरथर फोमला वळसा घालून लीडमधून बॉक्सपर्यंत येते. म्हणून लीडचे दोन भाग कल्पा. प्लगपासून पहिल्या बांधणीपर्यंतचा भाग इंजिनाबरोबर हलणार. त्याला ४० ते ५० मिमी त्रिज्येचा सैल वळसा द्या. मग लीड विमानाच्या लाकडाला पक्की बांधा. तिथून बॉक्सपर्यंत पुन्हा एक लहान सैल वळसा, बॉक्सला त्याचे दोन-तीन मिमी हलू देण्याइतका. लीड जास्त लांब वाटली तरी कापू नका, आणि कमी पडली तर जोडू नका. बॉक्सची जागा बदला.

बांधताना जाळीवर थेट केबल टाय नको. आवळलेल्या जाळीचे तुटके तंतू आतल्या इन्सुलेशनमध्ये घुसतात आणि मग ठिणगी तिथूनच बाहेर पडते. जाळीवर रबरी नळीचा चिरलेला तुकडा चढवा, त्यावरून टाय. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. फायबरग्लास काउलची कापलेली कड तर जाळीला कानशीसारखी खाते. धातूला कुठेही जाळी घासत नाही ना हे पाहा, कारण धातूवर धातू घासला की रेडिओला त्रास देणारा खरखराट तयार होतो. पूर्ण लांबीला स्पायरल रॅप घातलं की दोन्ही प्रश्न सुटतात. सड्यावरची तांबडी धूळ तेलात मिसळून त्या रॅपखाली जाते आणि पॉलिश पेपरचं काम करते, तेव्हा मधूनमधून रॅप उलगडून लीड पुसावी.

आता ती रेझिनची रेषा. वायरी बाहेर पडतात तिथे ५-६ मिमी लांबीचा सिलिकॉन सीलंटचा उतार द्या, म्हणजे वाकणं एका रेषेवर न होता पसरून होईल. सीलंट न्यूट्रल क्युअर आहे ना हे नळीवर वाचून घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं, काचेच्या कामाचं सीलंट सुकताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं; जे वाचवायला गेलो तेच सडतं. सुकायला २४ तास द्या, तोवर वायर हलवू नका.

हॉल सेन्सरची वायर सगळ्यात नाजूक, तरीही तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. तीन बारीक तारा, आणि निघतात थेट क्रँककेसच्या नाकाडातून. तिला सेन्सरपासून दोन-तीन सेंटिमीटरवर क्रँककेसलाच पहिली बांधणी द्या, मग सैल वळसा, मग लाकडाला दुसरी. कनेक्टरची दोन्ही अर्धी एकाच वस्तूला बांधलेली हवीत. एक अर्धं बांधलं आणि दुसरं लोंबतं ठेवलं की दोन्ही एकमेकांवर अगदी बारीक घासत राहतात. पिनांवरचा मुलामा झिजतो, खाली गंज धरतो, रोध वाढतो. खाऱ्या हवेत हे भराभर होतं. मग इंजिन एका ठरावीक आरपीएमला मिसफायर करतं आणि जोडणी काढून पुन्हा लावली की महिनाभर बरं चालतं. तशी लक्षणं दिसली तर पिना साफ करून भागणार नाही, दोन्ही अर्धी बदला. नव्या जोडणीत डायइलेक्ट्रिक ग्रीसचा ठिपका टाका आणि वरून हीट श्रिंक चढवा.

बॅटरीच्या वायरीला २२ गेज किंवा जाड, बारीक तंतूंची सिलिकॉन वायर वापरा. इग्निशनचा स्विच इंजिनापासून दूर, फ्युजलाजच्या बाजूला. स्लाइड स्विचचे आतले पत्रेही थरथरीने क्षणभर सुटतात. मॉड्यूलवर ४.८ ते ६ व्होल्ट लिहिलं असेल तर दोन सेलची लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी थेट लावू नका, ती पूर्ण भरली की सात व्होल्टच्या वर असते. ८.४ व्होल्टपर्यंत चालणाऱ्या मॉड्यूलला अडचण नाही.

प्लग कॅप शेवटपर्यंत, स्प्रिंगची कडी प्लगच्या षटकोनावर घट्ट बसेपर्यंत दाबा. ठिणगीचा परतीचा रस्ता कॅप आणि जाळीतूनच आहे. कॅप अर्धवट सुटली की वीज आतल्या आत उड्या मारते, कॅप जळते आणि मॉड्यूलवर ताण येतो. काढताना कॅप धरून ओढा, लीड धरून नाही. इग्निशन चालू असताना, प्लगला कॅप नसताना प्रॉप कधीही फिरवू नका. हजारो व्होल्टना जायला वाट नसेल तर ते मॉड्यूलच्या आत वाट काढतात. असं मेलेलं मॉड्यूल लोक व्हायब्रेशनच्या खात्यावर टाकतात.

थरथर मुळातच कमी

प्रॉप बॅलन्स करा, स्पिनर डुगडुगत नाही ना पाहा, इंजिनाचे बोल्ट पहिल्या दोन-तीन उड्डाणांनंतर पुन्हा कसा. लाकडी फायरवॉल वॉशरखाली चेपते, त्यामुळे नवीन विमानात बोल्ट सैल होणारच. मागे मोठे वॉशर आणि निळं थ्रेडलॉक द्या. सिंगल सिलिंडरला १,४०० चं आयडल ऐकायला छान वाटतं, पण पूर्ण नाक हलत असतं. १,७००-१,८०० ठेवा. डीएलई-१११ सारख्या समोरासमोरच्या ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकदम उलट दिशांना जात असल्यामुळे धक्का बराचसा आपसात कापला जातो, तिथे एवढा आटापिटा लागत नाही. मॉड्यूल मात्र जड असतं, फोमचे तुकडे नव्याने मोजावे लागतात.

तपासणी जमिनीवर. शेपटी खुंटीला बांधा, शिवाय एक जण धरायला, कुणीही प्रॉपच्या रेषेत नाही. हॅच उघडी ठेवून फोन मागच्या बाजूने स्टँडवर लावा आणि २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये आयडल ते फुल थ्रॉटल सावकाश चढत जा. बॉक्स एखाद्या टप्प्यावर धूसर होऊन पुढे पुन्हा स्पष्ट होत असेल तर रेझोनन्स त्याच आरपीएमला आहे. तो आयडलच्या खाली ढकलायचा: पट्टा सैल, तुकडे लहान. वरच्या आरपीएमला व्हिडिओत दिसणारी चाल फसवी असते, फ्रेम कमी पडतात. तिथे फक्त किती धूसर दिसतं ते पाहा.

वायर तुटल्याचा संशय असेल तर प्लग काढून कॅपमध्ये पूर्ण बसवा, प्लगचं अंग सिलिंडरच्या पंखांना टेकवा, प्रॉप हाताने फिरवून ठिणगी पाहत एकेक वायर बॉक्सच्या तोंडाशी हलवा. टाकीची नळी आधी चिमट्याने बंद करा आणि सांडलेलं पेट्रोल वाळू द्या. प्लगच्या भोकातून निघणाऱ्या वाफाही पेटतात, तेव्हा तिथे कापडाचा बोळा हवा. मॉड्यूल बदलणं अगदी शेवटी: आधी बॅटरीचा लोडखालचा व्होल्टेज, मग कनेक्टर, कॅप, सेन्सर.

उड्डाणाला निघण्याआधी डिजिटल स्कायचा (डीजीसीएच्या ड्रोन पोर्टलवरचा) हवाई हद्दीचा नकाशा बघायचं सांगायला नको. दाबोळी नौदलाचं, उत्तरेला मोपा. छोट्याशा गोव्यात मोकळं आकाश वाटतं त्याहून कमी आहे.

जून ते सप्टेंबर विमान खुंटीवर असतं तेव्हा इग्निशनची बॅटरी काढून ठेवा आणि पट्टा पूर्ण सोडा, नाहीतर चार महिने दबलेला फोम तसाच बसून राहतो. चवथीनंतर बाहेर काढल्यावर चारही तुकड्यांची उंची मोजा. १३ चे ११ झाले असतील तर नवे कापा. प्लग कॅपमधल्या स्प्रिंगवर तांबेरा आला असेल तर घासून वापरू नका, स्प्रिंगच बदला. आणि लीडच्या टोकाशी जाळीचे तंतू हिरवे पडलेत का ते पाहा. पडले असतील तर सिलिकॉनच्या खालीही तेच चालू आहे असं समजून तो उतार कापून काढा आणि आत काय आहे ते बघा.